फाईल आता गेटच्या आत आहे

मोहल्ल्यातला एखादा मुलगा आयटीआय करून बाहेर पडला की त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. सरकारी भरतीच्या नादाला लागू नको, तिथे आपलं काही होत नाही. कंपनीत बघ, कंत्राटदार ओळखीचा आहे. नाहीतर सरळ गल्फ. हा सल्ला देणारे मामू-चाचा खोटं बोलत नाहीत. तहसीलच्या फेऱ्या त्यांनी मारल्यात, सेतूच्या रांगेत त्यांचे दिवस गेलेत. पण या सल्ल्याच्या पोटात एक समजूत लपलेली आहे आणि माझं भांडण तिच्याशी आहे. समजूत अशी, की बाबूशाही ही सरकारी चीज. खाजगी आलं की कटकट मिटली.

नागोठण्यात राहून असं म्हणणं म्हणजे अंबा नदीच्या काठावर उभं राहून पाणी कुठे आहे विचारणं.

इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली आयपीसीएल, ही केंद्र सरकारची कंपनी होती. बडोद्यानंतरचा तिचा मोठा कारखाना ऐंशीच्या दशकात नागोठण्याजवळ उभा राहिला. त्यासाठी जमिनी गेल्या त्या १८९४ च्या, इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याखाली. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस, कलम ११ चा निवाडा. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी हजर असलात तर सहा आठवड्यांच्या आत. सहा आठवडे म्हणजे लावणीत गुंतलेल्या माणसाला एक हंगाम. सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव एका तऱ्हेनं, रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेनं. इस्माईलचा इस्माल झालेला, वारसनोंद झालेलीच नाही, आणि झाली असली तरी त्यात बहिणी नाहीत. अशा घरात मोबदल्याचा चेक आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुणाच्या नावावर निघणार, यावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. ही नोकरशाही निर्दय होती, यात वाद नाही. पण तिच्या प्रत्येक पायरीवर एक कागद तयार झाला, त्यावर कुणाची तरी सही झाली, आणि तो सरकारी दप्तरात गेला. आज तुम्ही त्याची नक्कल मागू शकता.

आता पुढच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. २००२ मध्ये केंद्र सरकारनं आयपीसीएलचे २६ टक्के भाग आणि कारभाराचा ताबा रिलायन्स समूहाला १,४९१ कोटी रुपयांना दिला. २००५ च्या ऑक्टोबरात माहिती अधिकाराचा कायदा देशभर लागू झाला. २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. म्हणजे सामान्य माणसाच्या हातात किल्ली आली, तेव्हा या दाराचं कुलूप बदललेलं होतं.

सरकारी कंपनी राज्यघटनेच्या दृष्टीनं 'राज्य' असते. तिनं अन्याय केला तर हायकोर्टात रिट करता येते. तिच्या भरतीत आरक्षण असतं, त्यात आपल्यातल्या ओबीसी जमातींचाही वाटा असतो. तिचे हिशेब महालेखापाल तपासतात, तिच्याबद्दल संसदेत प्रश्न विचारला जातो. कंपनी विकली गेली की हे सगळं एका दिवसात गळून पडतं. कागद मात्र गळत नाहीत, उलट वाढतात. गेटपास, मेडिकल, पोलीस पडताळणी, कंत्राटदाराचं पत्र, व्हेंडर कोड, पोर्टलवरचा आयडी, आणि या सगळ्यावर बसलेला एचआर. यालाही नोकरशाहीच म्हणतात. फरक इतकाच की ही नोकरशाही तुम्हाला उत्तर द्यायला बांधील नाही.

माझ्या एका मामेभावानं एका औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत अप्रेंटिसशिपसाठी अर्ज भरला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाहीच. उर्दू शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर त्याच्या आडनावात एका अक्षराचा फरक. पोर्टलवर 'विचाराधीन' असं आलं आणि सात महिने तेच राहिलं. कंत्राटदार म्हणाला एचआरला विचार. एचआरचा फोन उचलणारी बाई म्हणाली सिस्टीमच तसं दाखवतेय. गेटवरचा रखवालदार म्हणाला, अपॉइंटमेंट नसेल तर बाजूला उभा राहा. नकाराचं पत्र आलं नाही, कारण नाकारलं असं कुणी म्हटलंच नाही. आडनावामुळे झालं की आडनावातल्या अक्षरामुळे, हे त्याला आजवर कळलेलं नाही. तहसीलदारानं निदान अर्जावर 'नामंजूर' लिहून खाली सही केली असती. त्या सहीवर अपील होतं.

कुणी म्हणेल, लायसन्स-परमिटचं राज्य विसरलास का? रायगडच्या माणसाला ते विसरून चालणारच नाही. आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले, राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, ज्यांच्या काळात सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आपल्या खाला आजही भरतात, त्यांची खुर्ची सिमेंटच्या पोत्यांवरून गेली. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळायचं. बिल्डरांना ते कसं मिळालं आणि मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या कुणी दिल्या, यांचा संबंध जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्या. लेंटिन यांनी जोडून दाखवला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटल्याची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडे हा विषय निघाला की 'आपल्या माणसाला अडकवलं' म्हणून बोलणं संपतं. मला त्यात वेगळं काही दिसतं. सिमेंटच्या वाटपाची नोंद सरकारी होती, म्हणून ती कोर्टासमोर आली. आज कुठल्या कंपनीनं कुठल्या कंत्राटदाराला काम का दिलं, त्या कंत्राटदाराकडे कुणाची पोरं लागली आणि कुणाची नाही, याची नोंद कुठल्या कोर्टासमोर सहजासहजी येणार? तो भ्रष्टाचार वाईट होता हे मान्यच. पण त्यावर औषध म्हणून आपण नोंदच डोळ्यांआड करून घेतली.

सरकार आपल्याशी नीट वागतं असं मी म्हणत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं वर्षभरानंतरच्या जन्मनोंदणीचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून कार्यकारी अधिकाऱ्यांकडे दिला. मग अशा नोंदींवरून मालेगावात 'बांगलादेशी'चा गदारोळ उठला, आणि २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं हे काम थांबवून विशेष तपास पथक नेमलं. त्याची झळ ज्यांना लागली त्यांत आपली कितीतरी गरीब घरं आहेत. पण तिथेही हातात लेखी आदेश असतो. तो घेऊन वकिलाकडे जाता येतं. 'सिस्टीम दाखवतेय' हे वाक्य घेऊन कुठे जाणार?

आणखी एक, घरचंच. अर्ज, दाखला, तालुका, जिल्हा, तहसील, महसूल, वारस, हक्क, नक्कल, मुदत, दप्तर: कचेरीचे हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. आपल्या दादीला ते समजावून सांगावे लागत नाहीत. तरी कचेरीच्या पायरीवर आपण परक्यासारखे उभे राहतो आणि एजंटाला पाचशे रुपये देतो. जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला ठरल्या मुदतीत देणं २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं बंधनकारक आहे, विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे किती जमातींच्या फलकावर लिहिलंय? जमातीचं तरी काय, आपल्याच मशिदीच्या हिशेबाची वही मागितली की मागणाऱ्याच्या ईमानावर शंका घेतली जाते. हीसुद्धा गेटच्या आतली फाईल.

आता त्या मोठ्या गेटकडे परत येऊ. नोव्हेंबर १९९० मध्ये, कारखाना सरकारी असताना, तिथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, भोपाळच्या अनुभवानंतर, केंद्रानं घातक रसायनांचे नियम केले होते. ते आजही खाजगी-सरकारी सगळ्यांना लागू आहेत. त्यांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यानं आतल्या आपत्तीची योजना तयार ठेवायची. कुंपणाबाहेरची योजना जिल्हा प्रशासनानं करायची आणि वर्षातून एकदा तिची रंगीत तालीम घ्यायची. आसपास राहणाऱ्यांना धोका काय आणि तशा वेळी काय करायचं, हे कारखान्यानं सांगायचं. २०२० च्या अखेरीस प्रकल्पग्रस्त नोकरीच्या मागणीसाठी कंपनीसमोर ठिय्या देऊन बसले, तेव्हा आपल्यातलेही काही जण तिथे जाऊन आले. पण कुंपणाबाहेरच्या त्या योजनेची प्रत आपल्या मोहल्ल्यात कुणी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

कंपनीकडे माहिती अधिकार चालत नाही. पण खाजगी संस्थेकडची जी माहिती सरकारी खात्याला एखाद्या कायद्यानं मिळवता येते, ती त्या खात्याकडून मागता येते. हे माहिती अधिकाराच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. म्हणून अर्ज तीन ठिकाणी: अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. व्यापारी गुपित म्हणून काही नाकारतील. तसं लेखी नाकारू द्या, त्यावर अपील आहे. पहिला अर्ज अलिबागचा. नागोठणे परिसरासाठीच्या कुंपणाबाहेरच्या आपत्कालीन योजनेची प्रत आणि गेल्या पाच वर्षांतल्या रंगीत तालमींच्या तारखा व अहवाल, एवढंच मागायचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराला तीस दिवस. मसुदा मी लिहिलाय, सत्तर शब्दांत बसला. खाली सही करायला प्रत्येक मोहल्ल्यातून एक जण हवा आहे, आणि सही आधारवर असेल त्याच नावानं करायची.