जंतू मरतात, तरी दृष्टी का जाते?

लखनौ शहरात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि १९५१ साली स्थापन झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्था या दोन्ही संस्था आहेत. एकीकडे नेत्ररुग्ण येतात, दुसरीकडे प्रथिनांचे पृथक्करण करणारी यंत्रे आहेत. डोळ्याच्या जिवाणूसंसर्गाचा प्रश्न सोडविण्यासाठी नेमकी हीच जोडणी हवी आहे.

बुबुळावरील पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, झालेला व्रण प्रतिजैविकांनी बरा होतो. मागे मात्र पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियाची अपारदर्शकता हेच आढळले. तिचे प्रमाण ३७.५ टक्के होते.

या हानीला केवळ जिवाणू जबाबदार नसतात. स्यूडोमोनाससारखा जिवाणू शिरताच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांनी सोडलेली विकरे जंतूंबरोबर कॉर्नियातील कोलॅजनही विरघळवितात. रक्षकच घर पाडतात, असा हा प्रकार.

मग दाह शमविण्यासाठी स्टिरॉइड द्यावे काय? मुख्यतः तामिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयांत २००६ ते २०१० दरम्यान ५०० रुग्णांवर याची चाचणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर सरसकट लाभ दिसला नाही. तथापि, ज्यांची दृष्टी सुरुवातीलाच अत्यंत क्षीण होती, त्यांना काहीसा फायदा झाला. म्हणजे खरा प्रश्न ‘द्यावे की नाही’ हा नसून ‘कोणाला द्यावे’ हा आहे. शेतात पिकाचे पाते लागून झालेला व्रण बुरशीचा असू शकतो, आणि तेथे स्टिरॉइड घातक ठरते.

याचे उत्तर अश्रूंत मिळण्याची शक्यता आहे. अश्रूंत जंतुनाशक लायसोझाइम असते, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्येच दाखविले होते. आता वस्तुमान वर्णपटमापनाने काही मायक्रोलीटर अश्रूंतील शेकडो प्रथिने ओळखता येतात. दाह वाढविणारी प्रथिने व कोलॅजन तोडणारी विकरे कोणत्या रुग्णात वाढली आहेत, हे त्यातून कळू शकते.

अडचण वेळेची आहे. अरविंदच्या चाचणीत प्रतिजैविक सुरू करून किमान ४८ तास झाल्यावर स्टिरॉइड दिले गेले. अश्रूंचा अहवाल तेवढ्या अवधीत डॉक्टरांच्या हाती पडावा लागेल.