तारेचा की बिनतारी?

संगणकावर टंकलेखन शिकायचे तर कळफलक, म्हणजे कीबोर्ड, कोणता घ्यावा?

बिनतारी कीबोर्ड सुटसुटीत असतो. टेबलावर तारांचा गुंता होत नाही. ब्लूटूथचा असेल तर तो मोबाइललाही जोडता येतो. आष्टीसारख्या गावात ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला मोबाइल समोर ठेवून सराव करता येईल. हा फायदा लहान नाही.

तरी माझे मत तारेच्या कीबोर्डकडे झुकते. बिनतारी कीबोर्ड सेलवर चालतो. सेल संपत आला की अक्षरे गळतात, मग कीबोर्ड बंदच पडतो. काही कीबोर्डांबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो. तो हरवला की काम अडलेच! तारेचा कीबोर्ड संगणकाकडूनच वीज घेतो आणि बहुधा स्वस्तही पडतो. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द इतका वेग लागतो. तो रोजच्या सरावानेच येतो. सेल आणायचा राहिला म्हणून सराव चुकवणे परवडेल का?

मात्र तारेपेक्षा कळा अधिक महत्त्वाच्या आहेत. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. तेथे तर्जनी ठेवली की बाकीच्या कळा न पाहता सापडतात. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत जे कळेवर 'र' येतो आणि शेजारच्या कळेवर 'क'. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. बोटांची जागा मात्र तीच. दुकानात गेलात तर डोळे मिटून आधी ते उंचवटे चाचपून पाहा.