तारीख दुरुस्त केल्यानं सण बुडत नाही

दर जानेवारीत तोच फॉरवर्ड येतो: ‘आजपासून उत्तरायण. आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं.’ पूर्वजांना ठाऊक होतंच. ठाऊक नाही ते फॉरवर्ड करणाऱ्याला. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं.

परंपरा कशी जपावी हे बघायचं असेल तर चीनच्या २४ ‘जिएची’ बघा. चिनी पंचांग चंद्रावर चालतं, असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. महिने चंद्राचे, पण ऋतूंचा हिशोब सूर्याचा: त्याच्या वार्षिक मार्गाचे १५-१५ अंशांचे २४ टप्पे. अधिक महिनाही यांच्यावरूनच ठरतो. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. तिथे बारा मुख्य टप्प्यांपैकी एकही ज्यात येत नाही तो.

टप्प्यांची नावं ‘किड्यांची जाग’, ‘पांढरं दव’ अशी. ४-५ एप्रिलच्या छिंगमिंगला लोक पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात. डिसेंबरातल्या दोंगझीला उत्तरेत डंपलिंग, दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे थांगयुआन. नावं पीत नदीच्या खोऱ्यातल्या हवेवरून पडलेली, त्यामुळे ‘मोठा बर्फ’ या टप्प्यालाही दक्षिणेतल्या ग्वांगचौत बर्फ पडत नाही. त्यानं बिघडत काही नाही. नाव हवेचं असलं तरी व्याख्या आकाशातली आहे.

महत्त्वाचं पुढेच आहे. आधी वर्षाच्या दिवसांचे २४ समान भाग करून हे टप्पे काढत. सूर्याची गती वर्षभर सारखी दिसत नाही, त्यामुळे काही टप्पे चुकत. १६४५ मध्ये छिंग दरबारानं पद्धत बदलली आणि सूर्याची खरी जागा प्रमाण मानली. गणित बसवणारा आडाम शाल हा परदेशी, जेझुइट. विरोध इतका पेटला की १६६५ मध्ये पाच चिनी ज्योतिर्विदांना मृत्युदंड झाला. अखेर कांगशी सम्राटानं दोन्ही बाजूंच्या गणिताची प्रत्यक्ष आकाशात परीक्षा घेतली आणि १६६९ मध्ये नवी पद्धत परत आली. कबरी झाडायच्या थांबल्या नाहीत. २०१६ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून गौरवलेल्या जिएची या दुरुस्त झालेल्याच आहेत.

आता आपल्याकडे या. आपली मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेली, निरयन. पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरते, म्हणून ती ऋतूंपासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकते. आज हे अंतर २४ दिवसांच्या आसपास आहे. निरयन गणना चुकीची नाही. तिच्यावर उत्तरायणाचा शिक्का मारणं चुकीचं आहे. मेघनाद साहांच्या समितीनं ऋतूंशी जुळणारं राष्ट्रीय पंचांग दिलं, ते २२ मार्च १९५७ पासून लागूही झालं. ते राजपत्रात आणि आकाशवाणीच्या निवेदनात उरलं. भिंतीवर आलं नाही.

‘श्रद्धेत गणित कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय: पंचांग हे गणितच आहे. ज्यांनी ते रचलं, ते आकाशाकडे बघत होते. त्यांचा मान राखायचा तर त्यांची उत्तरं घोकून चालणार नाही, त्यांच्यासारखं मान वर करून बघावं लागेल. तिळगूळ १४ जानेवारीला खुशाल वाटा. फक्त त्याबरोबर खोटं खगोलशास्त्र वाटू नका.