नाफ सरकली की आणखी काही?

पोट दुखले की वसई-नालासोपाऱ्यातल्या आपल्या घरांत आधी 'नाफ सरकली' म्हणतात आणि तेल लावून पोट चोळतात. चिनी वैद्यकातही 'तुईना' मालिशमध्ये पोट चोळतात, पण तिथे ती कॉलेजात शिकवली जाते. साध्या गॅसला हलका हात बरा वाटतो, हे खरे. मात्र अपेंडिक्सचे दुखणेही बहुधा बेंबीभोवतीच सुरू होते. काही तासांत उजवीकडे खाली उतरते, सोबत उलटी, ताप, भूक मेलेली. असे पोट चोळू नका. उशीर झाला तर अपेंडिक्स फुटते. वैद्यकी न जाणता उपचार करणारा नुकसानीला जबाबदार ठरतो, असे अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. खालाजान रुसल्या तरी चालेल, मुलाला आधी डॉक्टरकडे न्या.