अख्ख्या गावाचा सन्मान

या अंकातलं गाव आहे फ्रान्समधलं ल शांबों-स्यूर-लिन्यों. हजारेक मीटर उंचीवरचं पठार, कडाक्याची थंडी, जेमतेम शेती. गावकरी बहुतेक प्रोटेस्टंट. पूर्वजांनी धर्मापायी सोसलेला छळ घराघरांत ठाऊक. नाझींच्या काळात जीव मुठीत धरून आलेल्या ज्यूंना त्यांनी घरात घेतलं, मुलांना शाळेत घातलं, खोटी ओळखपत्रं करून दिली. पाद्री आंद्रे त्रोक्मे यांना १९४३ मध्ये अटक झाली, तरी काम थांबलं नाही. रेशनच्या त्या दिवसांत रोज आणखी एक ताट वाढणाऱ्या बायका मला त्यांच्याइतक्याच थोर वाटतात. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गौरव केला तो अख्ख्या गावाचा, शेजारच्या वस्त्यांसकट.