शिक्षा एकाला, उपास घराला

फराळाचे ताट पुढे असताना तुरुंगाचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, आणि त्या गर्दीत गावातले एखादे घर हटकून दिसत नाही. चौकशी केली की कोणीतरी आवाज खाली आणून सांगतो, "तिचा नवरा आत आहे ना!" 'आत' या दोन अक्षरांत आपण एकच माणूस कोंडला असे आपल्याला वाटते. कोंडली जातात पाच-सहा माणसे. त्यांतील एकानेच काय तो गुन्हा केलेला असतो, आणि पुष्कळदा तोही अजून शाबीत व्हायचा असतो.

'पुष्कळदा' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. शंभरात पंचाहत्तर! यांतील कितीकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? ज्याच्या सोयऱ्याकडे सातबारा आहे तो घरी येतो. ज्याचा सोयरा दुसऱ्याच्या बांधीत धान कापतो तो आतच राहतो.

गोसीखुर्दच्या बाजूचे उदाहरण घ्या. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींवर गेला. एवढ्या हिशेबात एक गोष्ट कोणी मांडली नाही. गावे उठली तेव्हा शेजारही उठला. नवरा तुरुंगात गेलेल्या बाईला सरकार जगवत नाही, शेजार जगवतो. पोर कोणाच्या ओसरीवर ठेवायचे, दोन पायल्या तांदूळ कोणाकडे उसने मागायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ठरलेले असते. नव्या गावठाणात रस्ते सरळ असतील. ती ओसरी मात्र सापडत नाही. त्यातून घर त्याच्या नावावर, मोबदल्याचा कागद त्याच्या नावावर. सहीसाठी कागद तुरुंगाच्या दारापर्यंत न्यायचा. पवनीहून एस. टी. धरायची, भंडारा किंवा शिक्षा झाली असेल तर नागपूर गाठायचे, आणि ऐन कापणीत एका दिवसाची मजुरी बुडवायची. भेट होते ती जाळीतून, काही मिनिटांची. गेल्या दिवाळीत एका बाईने नेलेला चिवड्याचा डबा दारातूनच परत आला, कारण बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई. नियम असेल, माझी तक्रार नियमाशी नाही. परतीच्या एस. टी.त तिने तो डबा उघडला नाही, एवढेच मी पाहिले.

कोणी म्हणेल, "ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याच्या पोरांचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यांचा हक्क पहिला आहे. त्यांच्या भरपाईची तरतूद २००८ साली फौजदारी संहितेत झाली. ती अपुरी असेल तर वाढवा, मीही तुमच्याबरोबर ओरडेन. पण आरोपीची मुलगी शाळेतून निघाली म्हणजे फिर्यादीच्या मुलीच्या दप्तरात कोणते पुस्तक पडते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू केली: ७ टक्के व्याज, ५० हजारांपर्यंत कर्ज, घरच्या अडचणीसाठी. नाव गोड आहे. पण ते फेडायचे कैद्याच्या मजुरीतून, आणि २०२३ साली वाढवून ती मजुरी झाली कुशल कामास दिवसाला ७४ रुपये, अकुशल कामास ५३! शिवाय कच्च्या कैद्याला मजुरीही नाही आणि कर्जही नाही. बालसंगोपन योजनेत कैद्यांची मुले बसतात, महिना २,२५० रुपये. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि कोणाकोणाची शिफारस गोळा करीत फिरायचे कोणी? जिला अंगठ्याशिवाय सही नाही, तिने?

आणि हे सारे आपल्याला नवीन आहे असेही नाही. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थांची त्यात साथ होती. तेथे कैदी शेती करीत, आणि बायकामुलांसह राहत. शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट याच वसाहतीवरून निघाला. आपण तो डोळे पुसत पाहिला, आणि घरी येऊन विसरलो. एका लहानशा संस्थानाला जे सुचले ते एवढ्या मोठ्या राज्याला सर्वत्र का जमू नये?

मागणे फार थोडे आहे. कैद्याला आत घेताना त्याचे नाव, गाव, अंगावरच्या खुणा लिहून घेतात. त्याच कागदावर घरी अठरा वर्षांखालची मुले किती, हेही लिहावे, आणि तो कागद त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे तुरुंगानेच पाठवावा. अर्ज घेऊन बाईने कचेरीत जाऊ नये. अर्ज घेऊन कचेरीच्या माणसाने तिच्या दारी यावे. धान कापणीचे दिवस असतील तर संध्याकाळी यावे, कारण दिवसा ती घरी भेटायची नाही.