साध्या खांबाच्या पुढची वीण

वऱ्हाडातल्या रुखवतात एके काळी क्रोशाचे काम हमखास असायचे. टीव्हीवरचा रुमाल, ताटावरची जाळी, दारावरचे तोरण. अमरावती-अकोल्यातल्या ज्या मुलींनी ते विणले, त्या आज साठी-सत्तरीत आहेत. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके त्यांच्या बोटांत अजून बसलेले आहेत. मालिका बघता बघता रुमाल पुरा होतो. मात्र न बघता होणारे काम मनाला विसावा देते आणि मेंदूला त्यात शिकण्यासारखे फार काही उरत नाही.

विसावा खराच मिळतो. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा करणाऱ्या ८ हजारांहून अधिक जणांना प्रश्न विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्के लोकांनी या कामाने मन शांत होते असे सांगितले. हा आकडा जपूनच वाचायला हवा. उत्तरे देणाऱ्या जवळपास सगळ्या स्त्रिया होत्या आणि सगळ्यांनाच क्रोशाची आवड होती. भजनी मंडळात जाऊन भजन आवडते का, असे विचारण्यासारखेच ते झाले.

शिकण्याबद्दलचा पुरावा थोडा अधिक भक्कम आहे. अमेरिकेत डलास येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सरासरी १५ तासांहून अधिक, नवे कौशल्य शिकवले. काहींना गोधडी शिवायला, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. तुलनेसाठी एक गट नुसता गप्पा आणि सहलींत रमला, एक गट घरी शब्दकोडी, गाणी अशा ओळखीच्या गोष्टी करत राहिला. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवे शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारलेली दिसली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा फरक अधिक ठळक होता, नुसत्या गोधडीवाल्यांत कमी. म्हणजे हातकाम आहे म्हणून आपोआप लाभ होतो असे नाही. ते किती नवे आहे आणि डोक्याला किती ताण देते, यावर बरेच अवलंबून असावे.

क्रोशा येणाऱ्यांसाठी अशी पुढची पायरी म्हणजे टोपलीची वीण. बांबूच्या टोपलीसारखे उठावदार चौकोन तीत दिसतात. टाका तोच, साधा खांब. फरक एवढाच की सुई खालच्या खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवती घालायची. पुढून घालून पुढे काढली की खांब वर उठतो, मागून घालून मागे काढली की आत दबतो. ३६ साखळ्या घालून, सुईपासून चौथ्या साखळीपासून सुरुवात करून ३४ खांबांची एक साधी ओळ विणावी. दोन्ही कडांचे एकेक खांब साधेच ठेवावेत, ओळ सुरू करतानाच्या तीन साखळ्या म्हणजे कडेचा एक खांब. मधल्या ३२ खांबांत चार पुढून, चार मागून असे करत जावे. दोन ओळी अशाच. पुढच्या दोन ओळी चार मागून, चार पुढून. मग पुन्हा पहिल्यासारखे.

अवघड वाटते ते ओळ उलटल्यावर. पलीकडे उठलेला खांब अलीकडून दबलेला दिसतो आणि पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो. तेव्हा मोजलेले आठवावे लागते, हाताखालचे वाचावे लागते, चूक दिसली की उसवावे लागते. या विणीचे खरे मोल या उसवण्यात आहे. म्हणून मुलीने किंवा सुनेने ‘आण, मी करून देते’ म्हणू नये.

दोरा मात्र सुतीच घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या अकोल्यात मांडीवर लोकरीचा गोळा कोण घेणार! शिवाय ही वीण जाड होते, दोरा जास्त खाते. सुतात विणली तर हात पुसायचे फडके किंवा गरम भांडे उचलायचे कापड छान होते. दोरा जाड आणि फिक्या रंगाचा, सुई साधारण ४ मिलिमीटरची असावी. काळ्या किंवा गर्द मरून दोऱ्यात खांबाचे अंगच दिसत नाही, त्यात वीज गेलेली असली तर विचारूच नये.

हातांची काळजीही घ्यायला हवी. अंगाभोवतीचा टाका काढताना अंगठा आणि मनगट साध्या खांबापेक्षा जास्त वळते. वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवावी, बोटे ताणावीत. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत हे अधिक आढळते. अशा वेळी तेल चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे.

क्रोशाने स्मृतिभ्रंश टळतो, असे संदेश मोबाइलवर फिरतात. तसे कुणीही सिद्ध केलेले नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेले, बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, एकटेपणा आहेत. रक्तदाबाची गोळी चुकवून विणत बसण्यात काही अर्थ नाही.

पण एकटेपणाच्या बाबतीत गावाला काही करता येते. ज्येष्ठ नागरिक संघांत योगासने होतात, आरोग्य तपासणी होते, व्याख्याने होतात. श्रोता म्हणून बसवले की ज्येष्ठांची सोय झाली, असा आपला समज आहे. आठवड्यातून दोनदा, दीड-दोन तास, काहीतरी नवे शिकवणारा वर्ग क्वचितच दिसतो. संघाच्या खोलीत, वाचनालयात, भिशीच्या बैठकीत तो सहज बसू शकतो. खर्च एक सुई आणि दोन गुंडे दोरा. शिकवणारी बाहेरून आणावी लागणार नाही. ज्यांच्या रुखवतातले तोरण चाळीस वर्षांपूर्वी गल्लीने पाहिले होते, त्यांतलीच एखादी ही वीण आधी शिकून घेईल आणि बाकीच्यांना दाखवेल. पुरुषांनाही बोलवावे, शिंपीकाम पुरुष करतातच.